मायकेल फॅरडे : नामपट्टिकेवर नसलेले नाव

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. लग्नसराईच्या दिवसांत छत्तीसगडच्या गावोगावची माणसे येथे साड्या, धोतरे आणि शिवणाचे कापड घेण्यासाठी येतात. दुकानांतील दिवे, पंखे, कूलर, शिवणयंत्रांच्या मोटारी या साऱ्यांना वीज लागते आणि ती वीज शेवटच्या टप्प्यात एका लोखंडी पेटीतून येते. अशी पेटी केवळ पंडरीतच नव्हे, तर भारतातील कोणत्याही बाजारपेठेच्या, वस्तीच्या किंवा शेतशिवाराच्या कडेला, दोन खांबांवर अथवा जाळीच्या कुंपणात उभी असते. मराठीत तिला रोहित्र असे नाव आहे. बोलताना आपण तिला ट्रान्सफॉर्मर किंवा डीपी म्हणतो. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती जळाली आणि वस्ती अंधारात बुडाली म्हणजे मात्र सर्वांना तिची आठवण होते.

रोहित्राच्या अंगावर धातूची एक लहानशी पट्टी बसवलेली असते. तिला नामपट्टिका म्हणतात. त्या रोहित्राने किती भार सोसावा, किती दाबाची वीज घ्यावी, किती दाबाची द्यावी, किती तापावे, हे सारे तिच्यावर आकड्यांत कोरलेले असते. या आकड्यांबरोबर काही माणसांची नावेही असतात, हे सहसा ध्यानात येत नाही. व्होल्ट हे इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांचे नाव, अँपिअर हे फ्रान्सच्या आंद्रे-मारी अँपिअर यांचे, हर्ट्‌झ हे जर्मनीच्या हाइन्रिख हर्ट्‌झ यांचे आणि अंश सेल्सिअस हे स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांचे. ज्याने जगातील पहिले रोहित्र आपल्या हातांनी गुंडाळले, त्याचे नाव मात्र या पट्टीवर नाही. तो मनुष्य म्हणजे मायकेल फॅरडे. हा पाठ त्यांच्याविषयी आहे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहार होते. इंग्लंडच्या उत्तर भागातील खेडे सोडून ते कामाच्या शोधात राजधानीकडे आले होते. त्यांची प्रकृती फार लवकर ढासळली. जो लोहार रोज घण उचलू शकत नाही, त्याच्या घरी भाकरीची भ्रांत पडणारच. अशा घरात मायकेलला शाळा मिळाली ती वाचणे, लिहिणे आणि थोडे अंकगणित एवढ्यापुरतीच. पुढच्या आयुष्यात उच्च गणित त्याला कधीच आले नाही.

तेराव्या वर्षी त्याने जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे नोकरी धरली. सुरुवातीला तो वर्तमानपत्रे घरोघरी पोहोचवत असे. त्या काळी वर्तमानपत्र महाग असल्याने एकच अंक अनेक घरांना भाड्याने दिला जाई. तो देणे आणि पुन्हा गोळा करून आणणे हे त्याचे काम. पुढच्या वर्षी, १८०५ मध्ये, रिबोने त्याला पुस्तकबांधणीचा शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवून घेतले. मुदत सात वर्षांची होती. पाने जुळवणे, दोऱ्याने शिवणे, पुठ्ठे चढवणे या कामात त्याचे हात तयार झाले. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो रात्री वाचू लागला. ज्ञानकोशाच्या एका खंडातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी सोप्या संवादांतून लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक यांनी त्याला वेड लावले. वाचलेले खरे की खोटे हे पडताळण्यासाठी चार पैसे वाचवून त्याने लहानसहान उपकरणेही केली. रिबो हा मालक मनाचा मोठा असला पाहिजे; दुसरा एखादा असता तर पोराने कामाची पुस्तके वाचत बसणे त्याला खपले नसते.

१८१० मध्ये वडील वारले. त्याच सुमारास शहरात होणाऱ्या विज्ञानविषयक व्याख्यानांना मायकेल जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडे. ते पैसे त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देत असे आणि रॉबर्टही वडिलांप्रमाणे लोहारकामच करीत होता. फॅरडे यांच्या चरित्रात या भावाला फारशी जागा मिळत नाही, पण ती मिळायला हवी.

१८१२ मध्ये रिबोच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील चार व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. व्याख्याते होते सर हंफ्री डेव्ही, त्या वेळचे इंग्लंडमधील सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने सज्जात बसून व्याख्यानांची टिपणे घेतली, घरी येऊन ती सुवाच्य अक्षरांत उतरवली, आकृत्या काढल्या आणि सगळ्याचे सुंदर पुस्तक बांधले. त्या वर्षाच्या अखेरीस नोकरीची विनंती करणाऱ्या पत्राबरोबर त्याने ते डेव्हींकडे पाठवले. डेव्ही प्रसन्न झाले, पण जागा रिकामी नव्हती. पुढे काही आठवड्यांनी संस्थेतील एका मदतनिसाला भांडणावरून काढून टाकण्यात आले आणि १ मार्च १८१३ रोजी मायकेलची नेमणूक झाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार, माळ्यावरच्या दोन खोल्या, जळणासाठी कोळसा आणि उजेडासाठी मेणबत्त्या, असे त्याचे मानधन ठरले. पुढे पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ ही संस्थाच फॅरडे यांचे घर होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही पत्नीसह युरोपच्या दौऱ्यावर निघाले. ऐनवेळी त्यांच्या खाजगी नोकराने येण्यास नकार दिला आणि फॅरडे यांना मदतनिसाबरोबर नोकराचेही काम पत्करावे लागले. लेडी डेव्ही त्यांना नोकरासारखेच वागवीत. अपमान असह्य होऊन सारे सोडून परत जावे, असे त्यांच्या मनात अनेकदा आले. ते परतले नाहीत याचे कारण प्रवासात भेटणारी माणसे. पॅरिसमध्ये त्यांनी अँपिअर यांना पाहिले. १८१४ च्या जूनमध्ये मिलान शहरी वयोवृद्ध व्होल्टा डेव्हींच्या भेटीस आले, तेव्हा सामान सांभाळणारा हा तरुणही तेथे होता. आज नामपट्टिकेवर ज्यांची नावे आहेत, त्यांपैकी दोघांना त्याने असे प्रत्यक्ष पाहिले. १८१५ च्या एप्रिलमध्ये ते लंडनला परतले.

यानंतरची काही वर्षे रसायनशास्त्राच्या कामात गेली. क्लोरीन वायूचे द्रवात रूपांतर करणे, बेंझिन या द्रव्याचा शोध, हे त्यांचे यश त्याच काळातले. १८२१ मध्ये सारा बर्नार्ड या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना मूल झाले नाही, परंतु त्यांचा संसार अखेरपर्यंत सुखाचा होता. त्याच वर्षी, वीज वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरती ठेवता येते हे त्यांनी दाखवून दिले. आजच्या विजेच्या मोटारीचे हे मूळ. मात्र दुसऱ्याची कल्पना उचलल्याचा आळ त्यांच्यावर आला. १८२४ मध्ये त्यांचे नाव रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी पुढे आले, तेव्हा ज्यांनी त्यांना हात दिला होता त्या डेव्हींनीच विरोध केला. तरीही सदस्यांनी फॅरडे यांना निवडून दिले. पुढील काळातही फॅरडे यांनी डेव्हींविषयी कृतज्ञताच बाळगली.

आता आपण पाठाच्या गाभ्याकडे येऊ. १८२० मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी असे दाखवले होते की, तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची हलते. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न फॅरडे यांच्या मनात घर करून बसला. १८२४, १८२५ आणि १८२८ या वर्षी त्यांनी प्रयोग केले आणि प्रत्येक वेळी हाती काही लागले नाही. चुंबक तारेजवळ स्थिर ठेवला, किंवा एका तारेतून सतत प्रवाह वाहू दिला, तर शेजारच्या तारेतही सतत प्रवाह सुरू होईल, अशी सर्वांचीच अपेक्षा होती. निसर्गाचा नियम वेगळा होता.

२९ ऑगस्ट १८३१ या दिवशी तो नियम सापडला. फॅरडे यांनी मऊ लोखंडाचे एक कडे करवून घेतले होते. त्याचा बाहेरचा व्यास सहा इंच होता आणि जाडी इंचाला थोडी कमी. कड्याच्या एका बाजूला त्यांनी सुमारे ७२ फूट तांब्याची तार गुंडाळली, दुसऱ्या बाजूला सुमारे ६० फूट. दोन्ही गुंडाळ्यांच्या मध्ये मोकळी जागा ठेवली. तेव्हा रोगण लावलेली किंवा आवरण असलेली तार बाजारात मिळत नसे. उघडी तार एकमेकीला चिकटली, तर वीज वेढे सोडून आडवाटेने पळणार. म्हणून त्यांनी दोन वेढ्यांच्या मध्ये सुतळीसारखा दोरा घातला आणि तारेच्या दोन थरांच्या मध्ये सुती कापड पसरले. या कापडाला इंग्रजीत कॅलिको म्हणतात. ते नाव आपल्या केरळमधील कालिकत म्हणजे कोझिकोड या बंदरावरून पडले, कारण असे कापड पूर्वी तेथून जहाजांनी युरोपात जात असे. पुस्तकबांधणी करणाऱ्या हातांना दोरा आणि कापड काही परके नव्हते. पंडरीच्या बाजारातील व्यापाऱ्यांना मौज वाटेल, पण जगातले पहिले रोहित्र लोखंड आणि तांबे यांइतकेच कापडाचेही होते.

पहिल्या गुंडाळीची टोके त्यांनी विद्युतघटाला जोडली. दुसरीच्या टोकांना लांब तार जोडून ती कड्यापासून तीन फुटांवरील चुंबकसूचीच्या वरून नेली. जोडणी होताच सूची थरथरली, हेलकावे घेऊन पूर्ववत स्थिर झाली. प्रवाह वाहत होता तोवर ती हलली नाही. तार काढून घेतली, त्या क्षणी पुन्हा धक्का बसला, या वेळी उलट दिशेने. दुसरा एखादा संशोधक या क्षणिक धक्क्याला हाताचा दोष समजून पुढे गेला असता. फॅरडे यांनी त्यातच उत्तर ओळखले. चुंबकत्व असल्याने वीज उत्पन्न होत नाही. चुंबकत्व बदलल्याने ती उत्पन्न होते. पुढच्या दोन महिन्यांत चुंबक वेटोळ्यात खुपसून व बाहेर काढून, आणि नंतर चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून, त्यांनी वीज मिळवली. तबकडीचे ते यंत्र म्हणजे पहिला जनित्र. २४ नोव्हेंबर १८३१ रोजी हे संशोधन रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आले. त्या वर्षी रायपूर नागपूरच्या तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या अंमलाखाली होते आणि मुंबईत बाळशास्त्री जांभेकर ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या ‘दर्पण’ या वृत्तपत्राच्या तयारीत होते.

फॅरडे यांच्या कड्याचा व्यवहारात उपयोग होण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. १८८५ मध्ये बुडापेस्ट येथील तीन अभियंत्यांनी आणि १८८६ मध्ये अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली यांनी रोहित्रे वापरून शहरांत दिवे लावले. मात्र आजही रोहित्राच्या पेटीत तेच असते. लोखंडाचा गाभा, त्यावर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या तारेच्या दोन गुंडाळ्या, आणि त्यांच्यामध्ये कापडाऐवजी कागद व तेल. म्हणूनच ज्याला कड्याचा प्रयोग समजला, त्याला नामपट्टिका समजण्यास वेळ लागत नाही. हिशेबाला सोपे पडावे म्हणून १०० किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेचे, ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारे रोहित्र आपण उदाहरणासाठी घेऊ.

पट्टीवर ५० हर्ट्‌झ असे लिहिलेले असते. फॅरडे यांची सूची फक्त प्रवाह जोडताना व तोडताना हलली होती. रोहित्र अखंड चालायचे तर प्रवाह अखंड बदलत राहिला पाहिजे. आपल्या तारांतील प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पुरी करतो, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. रोहित्राला बॅटरीचा स्थिर प्रवाह दिला, तर पलीकडे काहीच मिळणार नाही आणि अलीकडची गुंडाळी तापून जळेल. फॅरडे यांना सात वर्षे जे कोडे सुटले नाही, ते या एका आकड्यात आहे.

दाबाचे दोन आकडे गुंडाळ्यांच्या वेढ्यांवर ठरतात. दोन्ही गुंडाळ्या एकाच गाभ्यावर असल्याने प्रत्येक वेढ्यामागे सारखाच दाब उत्पन्न होतो. जिथे वेढे अधिक, तिथे दाब अधिक. दाब उतरला म्हणजे प्रवाह चढतो. आपल्या रोहित्राच्या पट्टीवर उच्च दाबाच्या बाजूला ५.२५ अँपिअर आणि कमी दाबाच्या बाजूला १३३.३ अँपिअर असे आकडे सापडतील. दाब सुमारे २५ पट उतरला आणि प्रवाह तितक्याच पटींनी वाढला. ४३३ व्होल्ट हा दोन फेजांमधील दाब आहे. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये तो २५० व्होल्ट असतो आणि तारांतून घरापर्यंत येताना आणखी थोडा उतरतो.

मग वीज मुळातच कमी दाबाने का पाठवत नाहीत? तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. तीच शक्ती त्याच तारेतून ११,००० ऐवजी ४३३ व्होल्टने पाठवली, तर प्रवाह २५ पट होईल आणि नासाडी सुमारे ६४५ पट. म्हणून कोरब्याच्या औष्णिक केंद्रात सुमारे १५ ते २१ हजार व्होल्टने तयार होणारी वीज प्रथम ४ लाख व्होल्टपर्यंत चढवतात आणि मग शहराजवळ टप्प्याटप्प्याने उतरवतात. महाराष्ट्रात १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तीही सुमारे एक लाख व्होल्टने घाट व खाडी ओलांडून गेली. चढवणे आणि उतरवणे दोन्ही कामे रोहित्राचीच.

आता क्षमतेचा आकडा. हा पट्टीवरील सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे आणि याच्याविषयीच गैरसमजही सर्वांत अधिक आहे. विजेच्या बिलावर व मोटारीवर किलोवॅट असते, मग रोहित्रावर किलोव्होल्ट-अँपिअर का? रोहित्राचा गाभा दाबामुळे तापतो आणि गुंडाळ्या प्रवाहामुळे तापतात. त्या प्रवाहातून गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष किती काम करून घेतले, याच्याशी रोहित्राच्या तापण्याचा संबंध नसतो. मोटारींना आपले चुंबकत्व उभे करण्यासाठी काही प्रवाह जादा लागतो. तो काम करत नाही, पण तारा तापवतो. कामाचा वाटा किती, हे पॉवर फॅक्टर या आकड्याने सांगतात. तो ०.८ असेल, तर १०० किलोव्होल्ट-अँपिअरच्या रोहित्रातून ८० किलोवॅटच मिळतील. पाच अश्वशक्तीच्या मोटारीवर ३.७ किलोवॅट लिहिलेले असते; परंतु यंत्रातील नासाडी आणि पॉवर फॅक्टर धरल्यास पूर्ण भारावर ती सुमारे ५.५ किलोव्होल्ट-अँपिअर घेते. नुसत्या किलोवॅटच्या हिशेबाने या रोहित्रावर सत्तावीस मोटारी बसतील असे वाटते. प्रत्यक्षात अठरा बसतात. गावोगावी रोहित्रे जळतात, त्यामागे अनेकदा हा सत्तावीस आणि अठराचा घोळ असतो.

भार वीस टक्क्यांनी वाढला, तर गुंडाळीतील उष्णता वीस टक्क्यांनी नव्हे, चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते. पट्टीवरील तापमानवाढीचे आकडे भोवतालच्या हवेहून तेल व गुंडाळी किती अंश अधिक तापू शकतात हे सांगतात. मे महिन्यात रायपूरची हवाच ४४-४५ अंशांवर जाते आणि त्याच वेळी साऱ्या दुकानांतील कूलर व वातानुकूलन यंत्रे चालू असतात. तारेभोवतीचा कागद ठरलेल्या तापमानापेक्षा सुमारे ६ अंश अधिक तापत राहिला, तर त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते. कागद ठिसूळ झाला की वेढ्याला वेढा भिडतो. पट्टीवरील ‘ओ. एन. ए. एन.’ ही अक्षरे सांगतात की, पेटीतील तेल आपोआप खालीवर फिरते आणि बाहेरची हवाही पंख्याशिवाय आपोआप वाहते. म्हणून पेटीच्या पन्हाळींना चिकटवून टपरी उभारणे किंवा भोवती कचरा साठू देणे म्हणजे तिचा श्वास कोंडणे होय.

‘डी. वाय. एन. ११’ ही अक्षरे तीन फेजांच्या गुंडाळ्या आतून कशा जोडल्या आहेत ते दाखवतात. उच्च दाबाकडे त्रिकोणासारखी जोडणी, कमी दाबाकडे चांदणीसारखी, तिच्या मध्यातून न्यूट्रल बाहेर काढलेला. दोन रोहित्रे जोडीने चालवायची असतील, तर ही अक्षरे जुळावी लागतात. त्यांच्याजवळच संरोधाची टक्केवारी असते, उदाहरणार्थ ४.५. एका गुंडाळीने निर्माण केलेले सारेच चुंबकत्व दुसरीपर्यंत पोहोचत नाही. थोडे बाहेरून निसटते. तारेचाही काही विरोध असतो. या दोहोंचे माप म्हणजे ही टक्केवारी. कमी दाबाच्या तारा एकमेकींना चिकटल्या, तर किती प्रवाह उसळेल हे तिच्यावरून काढता येते. शंभराला ४.५ ने भागले की सुमारे २२ येतात. म्हणजे १३३ अँपिअरच्या जागी जवळजवळ ३,००० अँपिअर. वादळात तारांचा झोळ पडून त्या एकमेकींवर आदळतात तेव्हा फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असेल, तर हा प्रवाह अडवणारे कोणी उरत नाही. येथे हेही सांगितले पाहिजे की, नामपट्टिका कुंपणाबाहेरूनच वाचावी. पेटीवर चढणे किंवा फ्यूज हाताळणे हे केवळ वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे काम आहे. ११,००० व्होल्टच्या तारेला स्पर्शही व्हावा लागत नाही, फार जवळ गेले तरी हवेतून ठिणगी उडून माणसाला जीवघेणा धक्का बसू शकतो.

निसटणारे चुंबकत्व हे शब्द आपण सहज वापरले. त्यामागची कल्पनाही फॅरडे यांचीच. गणित येत नसल्यामुळे त्यांनी चुंबकाभोवतालची जागा डोळ्यांनी पाहिली. कागदावर लोहकीस पसरून त्याच्या रांगा कशा वळतात हे त्यांनी न्याहाळले आणि चुंबकापासून बलरेषा निघून सर्व अवकाशात पसरतात, असे सांगितले. विद्यापीठांतील गणितज्ञांना हे पोरकट वाटले. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण गणितज्ञाने १८५५ पासून या बलरेषा समीकरणांत बसवल्या आणि त्या समीकरणांतून निघालेल्या विद्युतचुंबकीय लहरी १८८७-८८ मध्ये हर्ट्‌झ यांनी प्रयोगाने सिद्ध केल्या. पट्टीवरील हर्ट्‌झ यांच्या नावामागे असा एक लोहाराचा मुलगा उभा आहे.

१८३१ नंतरही फॅरडे थांबले नाहीत. विजेने द्रवांचे विघटन होते त्याचे नियम त्यांनी १८३३-३४ मध्ये मांडले. अतिश्रमाने १८४० च्या सुमारास त्यांची प्रकृती बिघडली आणि स्मरणशक्तीने दगा देण्यास सुरुवात केली. विसराळूपणावर उपाय म्हणून ते प्रत्येक प्रयोगाची क्रमांक घालून नोंद करीत; अशा नोंदींची संख्या सोळा हजारांवर गेली. प्रकृती थोडी सावरल्यावर, १८४५ मध्ये, प्रकाशावरही चुंबकाचा परिणाम होतो हे त्यांनी दाखवले.

मुलांसाठी नाताळच्या सुटीत होणारी व्याख्याने त्यांनी एकूण एकोणीस वर्षे दिली. एका साध्या मेणबत्तीवर त्यांनी दिलेली व्याख्यानमाला पुस्तकरूपाने आजही वाचली जाते. दीपगृहांचे दिवे अधिक प्रखर व्हावेत यासाठी त्यांनी अनेक वर्षे सल्ला दिला. परंतु क्रिमियाच्या युद्धात विषारी वायूंच्या वापरासंबंधी सरकारने विचारणा केली, तेव्हा त्या कामाला हात लावण्यास त्यांनी नकार दिला. सर ही पदवी त्यांनी घेतली नाही. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले असता तेही नाकारले. ते ज्या लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते, त्यात धनसंचय आणि मानमरातब यांना स्थान नव्हते. तरी सज्जात बसून टिपणे घेणाऱ्या मुलाने अध्यक्षाची खुर्ची नको म्हणावी, यात पंथाच्या शिकवणीखेरीज आणखीही काही असावे असे वाटते. डेव्ही याच खुर्चीवर असताना कसे बदलले, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

१८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांना राहण्यास घर दिले. हळूहळू स्मृती क्षीण होत गेली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तेथेच आपल्या अभ्यासाच्या खुर्चीत बसलेले असताना त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटन यांच्याजवळ, त्यांच्या नावाची स्मृतिशिला आहे. पण देह त्यांच्या इच्छेप्रमाणे हायगेट येथील साध्या कबरीत ठेवला गेला.

१८८१ मध्ये पॅरिस येथे विद्युतशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने व्होल्ट व अँपिअर ही एकके मान्य केली. त्याच वेळी विजेचा साठा करण्याच्या क्षमतेच्या एककाला फॅरड असे नाव देण्यात आले. रोहित्राच्या पट्टीवर हे एकक लागत नाही. ते लागते कंडेन्सरवर. आपल्या घरच्या छताच्या पंख्यातील कंडेन्सरवर २.५ एम. एफ. डी. असे छापलेले असते. त्याचा अर्थ अडीच मायक्रोफॅरड. असेच मोठे कंडेन्सर मोटारींना जोडले, तर चुंबकत्वासाठी लागणारा जादा प्रवाह मोटार रोहित्राकडून न घेता शेजारच्या कंडेन्सरकडून घेते. पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर येतो आणि त्याच १०० किलोव्होल्ट-अँपिअरच्या रोहित्रावर अठराऐवजी एकवीस मोटारी चालतात.